मावशीची लॉरी उभी राहिली की बंद का पडे

प्रश्न असा होता : जी लॉरी आंब्याच्या पेट्या भरून चढण चढताना कुरकुरत नाही, ती बंदरावर नुसती उभी केली की बंद का पडते? त्याला जोडून दुसराही एक प्रश्न होता, तिचे पेट्रोल जाते कुठे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मावशीने विचारण्यापूर्वीच ठरवून टाकले होते, आणि त्या उत्तरापायी एका माणसाची अब्रू जाण्याच्या बेतात होती. म्हणून पहिल्याचे उत्तर शोधणे मला भाग पडले.

एकोणीसशे तीस सालानंतरचे ते दशक होते. मी रत्नागिरीच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. मावशीची कलमांची बाग शहराबाहेर पालीच्या वाटेवर होती. तिचे यजमान मुंबईला नोकरीत. गणपतीला आणि मे महिन्यात तेवढे घरी येत. बाकी वर्षभर बाग, गडी, गुरे आणि घर यांचा कारभार मावशी एकटी पाही. पूर्वी तिचा आंबा बैलगाडीने बंदरावर जाई. पुढे काकांनी मुंबईत एक जुनी लॉरी घेतली आणि ती पुणे, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरून बागेत येऊन दाखल झाली. पुढे दोघांपुरती बसायची जागा आणि मागे उघडा लाकडी हौदा, अशी ती लहानखुरी गाडी होती. आजच्या मुलांना ती दाखवली तर ती हसतील. आम्हाला मात्र तिचे भारी अप्रूप होते. तिच्या हौद्याच्या फळ्यांत आंब्याचा आणि भाताच्या पेंढ्याचा वास इतका मुरला होता की ऐन श्रावणात रिकाम्या हौद्याजवळ उभे राहिले तरी वैशाखाची आठवण व्हावी.

ही लॉरी घाटातून उतरवून आणणाऱ्या माणसाचा मूळ धंदा समुद्राचा. त्याचे वाडवडील गलबतांवर होते, आणि स्वतः तो मुंबईच्या गोदीत काम करता करता मोटार चालवायला शिकला होता. वडील गलबतावर खलाशांचे म्होरके होते, त्यांच्या हुद्द्यावरून सगळे त्याला तांडेल म्हणत. मोटारीवर आला तरी त्याची बोली गलबतावरचीच राहिली होती. लॉरीच्या पुढच्या भागाला तो नाळ म्हणे. "वयनी, नाळेवर जरा माती उडालीय, धुवून घेतंय," असे त्याने म्हटले की मावशी ओटीवरून उत्तर देई, "धू हो. पण शीड लावू नकोस म्हणजे झालं."

धुण्याचे त्याला वेडच होते. दर गुरुवारी लॉरी विहिरीजवळ उभी करून तो तिला आंघोळ घाली. देवघरातली भांडी घासावीत तशी चिंच आणि राख घेऊन पितळेचे आणि तांब्याचे जे जे दिसेल ते ते लखलखीत करी. इंजिनावरचे झाकण उघडून आतल्या नळ्याही त्याच्या तडाख्यातून सुटत नसत. पहिल्या पाडाची पहिली खेप निघण्यापूर्वी मावशी लॉरीला हळदकुंकू लावी, तेव्हा झाकण मुद्दाम उघडे ठेवून तो बाजूला उभा राही. आत कोणी डोकावून "वा!" म्हटले की दिवसभर खूश.

त्या वर्षी हंगाम सुरू झाला आणि महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या.

बंदरावरची तेव्हाची रीत सांगितली पाहिजे. आगबोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि पेट्या मचव्यांतून तिच्यापर्यंत जात. मचव्यांपर्यंत उतरणाऱ्या रस्त्यावर बैलगाड्यांची आणि दोन-चार लॉऱ्यांची रांग लागे. रांग हलली की गाडी थोडी पुढे घ्यायची, पुन्हा थांबायचे, पुन्हा पुढे. अशा जागी इंजिन मंद गतीने चालू राहणे अगत्याचे, कारण बंद पडलेले तापलेले इंजिन हँडल मारून पुन्हा चालू करणे म्हणजे खांद्यांची परीक्षा. मावशीची लॉरी नेमकी तिथे दम टाकी. मागचे गाडीवान ओरडत, बैल मुंड्या हलवीत, आणि तांडेल घामाघूम होऊन हँडल फिरवीत राही. एकदा तर त्याचा नंबर येईतो शेवटचा मचवा सुटला. पेट्या परत आल्या आणि तयार झालेला आंबा गावच्या बाजारात विकावा लागला. मुंबईच्या दुकानात जायचा माल दारोदार फिरला, हे मावशीच्या जिवाला फार लागले.

त्याच सुमारास तिच्या ध्यानात आले की पेट्रोलचे डबे लवकर संपतात. डबे तिच्या कोठीत कुलपात असत आणि टाकीत काठी बुडवून ती स्वतः मोजून देई. खेपा तेवढ्याच, रस्ता तोच, आणि पेट्रोल जास्त. तिने दोन आणि दोन मिळवले. गाडी बंद पडते हे ढोंग, त्या निमित्ताने बंदरावर रेंगाळायचे आणि तिथल्या कुणाला पेट्रोल काढून द्यायचे, असा तिचा निष्कर्ष झाला. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात एकच उणीव होती, ती म्हणजे कुणी काही पाहिले नव्हते.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी बागेत गेलो तेव्हा हा सगळा खटला अंगणात चालू होता. मावशी ओटीवर, तांडेल खाली अंगणात, आणि पेट्या भरणारे गडी-बायका काम करण्याचे निमित्त करून ऐकत बसलेल्या.

"ये हो मास्तर, बरा आलास," मावशी मला म्हणाली. "तुमच्या शास्त्रात असेल तर सांग. पेट्रोल लॉरी पिते की हा पितो?"

"वयनी, मी माडी पण सोडलीय," तांडेल म्हणाला. "पेट्रोल कशाला पितंय?"

"बघितलंस? गाडी बंद पडते, पण ह्याचं तोंड काही बंद पडत नाही."

"तोंडाला हँडल मारावा लागत नाय, म्हणून."

बायका हसल्या. मावशी हसली नाही, आणि तांडेलालाही आपण नको ते बोललो असे वाटले असावे. तो खाली बसला आणि मग एकदम उभा राहून म्हणाला, "देवळात चला, वयनी. कौल लावा. देव बोलेल ते मला मान्य."

आमच्या भागातली ही जुनी चाल. वाद माणसांत मिटेना की तो ग्रामदेवतेसमोर न्यायचा. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या कळ्या चिकटवतो, प्रश्न मोठ्याने सांगतो आणि सगळे गप्प उभे राहतात. उजवी कळी पडली की एक अर्थ, डावी पडली की दुसरा. देवळात गाव जमलेला असतो, म्हणून तिथे जे ठरते ते गावात ठरते. तांडेलाच्या विरुद्ध कौल पडला असता तर नुसती मावशीकडची नोकरी जाऊन भागले नसते. बंदरापासून पालीपर्यंत कुणी त्याच्या हाती पुन्हा चाक दिले नसते. तरीही त्याने स्वतः होऊन कौल मागितला, यावरून तो चोर नसावा असा मला अंदाज आला. मावशीलाही यायला हवा होता, पण ती रागात होती.

"लावू," ती म्हणाली. "सोमवारी लावू. गुरवाला आजच निरोप धाडते."

मी म्हणालो, "देवाला विचारण्याआधी गाडीला विचारून पाहू."

"विचार बापडा. ती काय सांगते ते मलाही सांग."

मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे की पहिल्याने सर्वांत सोपी शक्यता तपासावी, मग ती कितीही बाळबोध वाटो. पेट्रोल जास्त जाते, तर ते गळते का? संध्याकाळी मी लॉरी खोपीत उभी करविली आणि टाकीपासून इंजिनापर्यंत खालच्या जमिनीवर चुलीतली चाळलेली राख पसरली. पेट्रोल उडून गेले तरी राखेवर थेंबाचा खळगा राहतो. सकाळी आम्ही तिघे ओणवून पाहत होतो. राखेवर मांजराची पावले होती. थेंब एकही नव्हता.

"गळत नाय!" तांडेल आनंदाने म्हणाला. आपली गाडी धड आहे याचाच त्याला आनंद.

"गळत नाही," मावशी सावकाश म्हणाली. "मग तर झालंच. गळत नाही, म्हणजे कुणीतरी काढतं."

त्याचा चेहरा उतरला. माझ्या पहिल्या प्रयोगाने मी त्याची बाजू अधिकच अवघड करून ठेवली होती. शाळेत चुकलेला प्रयोग पुसून टाकता येतो. इथे ते शक्य नव्हते.

तेव्हा मी दुसरे ठरविले. त्या रविवारच्या खेपेला मी लॉरीत त्याच्या शेजारी बसून बंदरावर गेलो आणि परत आलो. निघताना मावशीने काठी बुडवली, आल्यावर पुन्हा बुडवायची होती.

त्या प्रवासाची आठवण माझ्या मनात फार ठसठशीत आहे, आणि ती इंजिनाशी संबंधित नाही. सकाळची वेळ होती. जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळमाळावरून, रस्ता जात होता, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, आणि मागे हौद्यात पेट्या एकमेकींवर घासून किरकिरत होत्या. लॉरीचा वेग आजच्या मानाने काहीच नव्हता, पण बैलगाडीतून जाताना ज्या वळणावर आम्ही विडी ओढण्यापुरते थांबत असू ते वळण दिसता दिसता मागे पडले, तेव्हा मला उगीचच चुटपुट लागली. एका उतारावर समुद्राची पहिली रेघ दिसली. तांडेल दर खेपेला तिथे कपाळाला हात लावीत असे. "घर दिसला," तो म्हणाला. त्याचे घर त्या बाजूला नव्हतेच. त्याला समुद्र म्हणायचे होते.

पण मी पाहत होतो ते दुसरेच. इंजिन चालू करताना चोकची दांडी बाहेर ओढतात. त्याने हवेची वाट अरुंद होते आणि इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते. थंड इंजिनाला ते लागते. इंजिन तापले की दांडी आत ढकलायची असते. तांडेलाने ती आत ढकललीच नाही. उलट ती आपोआप आत जाऊ नये म्हणून काथ्याच्या दोरीने अर्धी बाहेर बांधून ठेवली होती.

"हे काय?" मी विचारले.

"तिचा घसा कोरडा पडतो, मास्तर. जरा जास्ती पाजावा लागतो. सोडला की मरते."

"कधीपासून?"

"हंगाम लागल्यापासून."

बंदरावर रांगेत मी त्याला दोरी सोडायला सांगितले. त्याने नाखुशीने सोडली. इंजिनाने दोन-तीन उचक्या दिल्या, सगळी लॉरी थरथरली आणि गप्प झाली. मागून एक गाडीवान ओरडला, "आली काय रे मावशीची पालखी? उचला आता खांद्यावर!" तांडेल हँडल घेऊन खाली उतरला. पुन्हा चालू करायला त्याला जो खटाटोप करावा लागला, तो मी जवळून पाहिला. ढोंग करणारा माणूस अंगठा सोलवटून घेत नाही.

घरी आल्यावर मावशीने काठी बुडवली. पेट्रोल रोजच्याइतकेच गेले होते.

"आता सांग," मी म्हणालो. "मी सबंध वेळ बरोबर होतो. मग आजही तेवढंच का गेलं?"

मावशीने काठी पुन्हा उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "तुझं वजन काय कमी आहे?"

पण तिच्या आवाजातली धार जरा कमी झाली होती, आणि काठी हातात घेऊन ती आत न जाता ओटीच्या पायरीवर बसली.

इथवर आल्यावर दोन्ही प्रश्न एक झाले होते. पेट्रोल जास्त जाते, कारण चोक ओढलेला राहतो. चोक ओढावा लागतो, कारण एरवी इंजिन मंद गतीत बंद पडते. म्हणजे इंजिनाला मिळणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते, किंवा हवा जास्त होते. पेट्रोल कमी पडत असते तर चढणीवर ते आधी जाणवले असते. तेव्हा हवा जास्त. आणि ती हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या ठरलेल्या वाटेने नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी चोरवाटेने येत असली पाहिजे.

चढणीवर मग ती का त्रास देत नाही? याचे उत्तर घरातल्या घरात मिळते. दार सताड उघडे असले की भिंतीतल्या फटीतून येणारा वारा कुणाला कळत नाही. दार लावून घेतले की तीच फट शीळ घालते. पायाखालची पट्टी दाबली की इंजिनाचे दार उघडते. हवा आणि पेट्रोल भरपूर आत जाते, त्यात फटीची हवा किस झाड की पत्ती. पट्टी सोडली की दार जवळजवळ मिटते, आतल्या नळीत पोकळी निर्माण होते, आणि ती पोकळी जिथून मिळेल तिथून हवा ओढू लागते.

मी हे तांडेलाला सांगत असताना 'गळती' हा शब्द वापरला. त्याने लगेच हरकत घेतली. "मास्तर, गळती म्हणता, मग बाहेर काय येत का नाय?"

"ही गळती बाहेर येत नाही. आत जाते."

त्याने दोन्ही तळहात जोडून खोलगट केले. "म्हणजे होडीसारखा. होडीला भोक पडला की होडी रिकामी होत नाय. भरते."

इतके नेमके उदाहरण मला वर्गात कधी सुचले नव्हते; पुढे मी ते वापरले.

आता फट कुठे आहे ते शोधायचे. इंजिन तापलेले असतानाच पाहायला हवे होते, कारण थंड असताना लॉरी इतकी कुरकुरत नसे. मी मावशीकडे वाटीभर खोबरेल मागितले.

"डोक्याला लावायचं तेल गाडीला? तिला काय केस आलेत?"

"मावशी, एक वाटी."

"घे. पण उरलं तर परत आण."

नारळाच्या सोडणाचा एक कुंचला केला. विचार सरळ होता. इंजिन मंद गतीने चालू ठेवायचे आणि एकेका जोडावर तेल लावायचे. ज्या जोडात फट असेल तिथे तेल आत ओढले जाईल आणि फट क्षणभर बुजेल. बुजली की इंजिनाचा आवाज बदलेल. तेल खोबरेल असल्याने भडकण्याची भीती नव्हती; पेट्रोल किंवा घासलेट घेऊन असला उद्योग कुणी करू नये.

तांडेल उघड्या दाराशी उभा राहून एका हाताने चोकची दांडी धरून होता, इंजिन मरणार नाही इतपतच ती ओढलेली. मी कार्बोरेटरच्या बुडापासून सुरुवात केली. तेल लावले, थांबलो, ऐकले. काही नाही. हवा आत नेणारी मोठी नळी इंजिनाला जिथे बसते तिथले जोड एकेक करून भिजवले. काही नाही. पुन्हा सगळीकडून फिरलो. इंजिन आपले उचक्या देतच होते. गडी-बायका पेट्या सोडून भोवती जमल्या होत्या, आणि एकीने दुसरीला विचारलेलेही मला ऐकू आले, "मास्तर गाडीची मालिश करतायत काय गो?"

मी कुंचला वाटीत ठेवला. मनातल्या मनात इंजिनाचे चित्र काढून, हवा आत घेणाऱ्या मोठ्या नळीला आणखी काय काय जोडलेले आहे हे आठवू लागलो. त्या काळच्या गाड्यांत मागच्या टाकीतले पेट्रोल पुढे आणायला पंप नसे. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर एक छोटी टाकी असे, आणि इंजिन आपल्याच पोकळीच्या ओढीने मागचे पेट्रोल त्या छोट्या टाकीत खेचून घेई. ती ओढ पोचवण्यासाठी मोठ्या नळीपासून छोट्या टाकीपर्यंत एक बारीक तांब्याची नळी गेलेली होती. ती समोरच होती, सूर्यप्रकाशात सोन्यासारखी चमकत.

मी कुंचला तिच्या जोडाकडे नेला. तांडेलाने माझे मनगट धरले.

"तिथं नको, मास्तर."

"का?"

"गुरुवारीच घासलाय. तेल लागला की काळा पडतो."

"देवाची पळी असल्यासारखी जपतो मेला," मावशी पायरीवरून म्हणाली.

मी त्याच्याकडे पाहिले. मला आठवले की मघापासून दोन वेळा माझा हात त्या बाजूला गेला होता आणि दोन्ही वेळा त्याने काहीतरी बोलून माझे लक्ष दुसऱ्या जोडाकडे वळवले होते. सगळ्या इंजिनाला तेल लागले होते, एका जागेखेरीज. जी जागा तपासू नये असे कुणाला फार वाटते ती जागा आधी तपासावी, हे मी तेव्हापासून शिकलो.

"सोमवारी कौल आहे," मी हळूच म्हणालो. त्याने मनगट सोडले.

नळी मोठ्या नळीला जिथे चाकीने आवळलेली होती तिथे मी कुंचला टेकवला. तेल दिसेनासे झाले. आणि इंजिन एकदम एकसारखे चालू लागले. वर्गातला गोंगाट शिक्षक आत येताच थांबावा तसे. तांडेलाने डोळे मोठे केले आणि चोकची दांडी आपोआपच आत ढकलली. इंजिन चालूच राहिले. थोड्या वेळाने तेल संपले असावे; पुन्हा उचक्या. पुन्हा तेल, पुन्हा शांत. मी खात्रीसाठी तेच तेच करीत राहिलो, आणि तेवढ्यात मावशी पदर नाकाला लावून उठली.

"हे कुठं काय तळतंय?"

लॉरीच्या मागच्या धुराच्या नळीतून निळसर धूर येत होता आणि त्याला खमंग, करपलेल्या खोबरेलाचा वास होता. तिच्याच वाटीतले तेल इंजिनाच्या आत जाऊन जळून मागून बाहेर पडत होते. मी तिला समजावू लागलो, पण गरज नव्हती. तिने मागे जाऊन हुंगले, पुढे येऊन वाटीत पाहिले.

"इथून आत गेलं ते तिथून आलं," ती म्हणाली. माझ्या सबंध व्याख्यानाचे सार तिने एका वाक्यात सांगितले होते.

इंजिन बंद केले, निवू दिले. तांडेलाने पाना लावून चाकी सैल केली आणि नळीचे टोक बाहेर काढले. चाकीच्या आत लपलेल्या भागावर, नळीला अर्धा वेढा घालून, केसाएवढी चीर होती. नखाला लागत होती. बाहेरून ती दिसणे शक्यच नव्हते.

"चीर कशानं पडली?" मावशीने विचारले.

मी तांडेलाला म्हणालो, "तू नळी घासतोस कशी ते दाखव."

त्याने नळी परत जागेवर बसवली, फडक्याची पट्टी केली, ती नळीभोवती गुंडाळली आणि दोन्ही टोके धरून ताक घुसळावे तशी मागेपुढे ओढू लागला. प्रत्येक ओढीबरोबर बारीक नळी वर-खाली वाकत होती, आणि सगळा वाक येत होता तो तिच्या एका घट्ट आवळलेल्या टोकाशी. तीन-चार ओढींनंतर त्याचा हात आपोआप थांबला.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

मी नळीकडे पाहत राहिलो.

"म्हणजे चोर नाय, पण मोडली मीच." त्याने फडके घडी करून खांद्यावर टाकले आणि पुन्हा काढले. "दर गुरुवारी."

मावशी पायरी उतरून खाली आली. ती काय बोलेल याची मला धास्ती वाटली. तिने नळी त्याच्या हातून घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली.

"तांडेला," ती म्हणाली, "यापुढं चिंच आमटीत घाल."

एवढे बोलून ती आत गेली. सोमवारी मात्र ती देवळात आली. निरोप गेलेला असल्याने गाव जमला होता आणि गुरव कळ्या घेऊन तयार होता. मावशीने देवासमोर नारळ ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की कौल नको. पेट्रोल लॉरीच पीत होती, तांडेलाचा त्यात काही दोष नाही, आणि आपण बोललो ते रागाच्या भरात बोललो. गुरवाला कळ्यांचे काय करावे ते समजेना. तांडेल खांबाला टेकून उभा होता. मावशीने नळीचे नाव काढले नाही, तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

बाजारातल्या तांबटाने नळीचे चिरलेले टोक कापून टाकले, राहिलेली नळी भट्टीत लाल करून पाण्यात बुडवली आणि नवीन टोक बसवून दिले. बुडवताना तो सहज म्हणाला की तांबे वारंवार वाकवले की ताठ होते आणि ताठ झाले की चिरते. तापवले की पुन्हा मऊ. त्यानंतर त्या हंगामात चोकच्या दांडीला दोरी लागली नाही. मी पुढे एकदोनदा बंदरावर गेलो असताना मावशीची लॉरी रांगेत उभी असलेली पाहिली. इंजिन चालू, तांडेल दार उघडे टाकून गाडीवानांशी हुज्जत घालीत बसलेला. तो मंद, एकसारखा आवाज मला आजही ऐकू येतो. त्यात मचव्यांवरच्या हाका, बैलांच्या घुंगरांची किणकिण आणि दूरच्या आगबोटीची शिट्टी मिसळलेली असे. आता बंदरावर असे सगळे आवाज एकत्र ऐकू येत नाहीत. काही तर मुळीच येत नाहीत.

घासणे त्याने सोडले नाही. आता एका हाताने नळीचे टोक धरून दुसऱ्या हाताने घासू लागला, एवढाच फरक.

मी हे सगळे आठवणीतून लिहिले आहे, आणि आठवणीवर विसंबणे मी मुलांना कधी शिकवले नाही. म्हणून वाचकांना एक विनंती. वीतभर तांब्याची तार घ्या आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. ती प्रत्येक वाकागणिक ताठ होत जाते की नाही आणि शेवटी तुटते की नाही ते पाहा. मग दुसरी तार तशीच ताठ करून विस्तवावर लाल करा, पाण्यात बुडवा आणि पुन्हा वाकवून पाहा. मी सांगितले त्याहून वेगळे काही आढळले, तर माझे चुकले असे समजा.